उपासाचा डबा

"विजया, जमीन हलतेय का गं?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा मी मोरीत दुपारची भांडी घासत होते. त्या कधी गंमत करत नसत, म्हणून मी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभ्या होत्या, आणि धरलेला हात असा कापत होता की बांगड्या लाकडावर वाजत होत्या.

"आई, जमीन नाही हलत. तुम्हीच हलताय. बसा आधी!"

मी राखेच्या हातानं धावले. त्यांना खाली बसवलं तोवर त्यांना उलटी झाली. मग दुसरी. कपाळाला हात लावला तर गार, घामानं चिकट. मी पाणी आणायला उठणार एवढ्यात बाहेरच्या खोलीतून अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, हाक आली.

"अगं, कुणीतरी माझी खाट धरा! फिरतेय!"

खाट जागच्या जागी होती. अप्पा मात्र तिच्या कडेला दोन्ही मुठींनी गच्च धरून बसले होते, आणि त्यांचेही हात, मान, हनुवटी, सगळं थरथरत होतं. सहकारी सोसायटीत वजनकाट्यावर जन्म घातलेला माणूस, घाबरणं माहीत नाही. त्या दिवशी लहान पोरासारखे माझ्याकडं बघत होते. मी तशी तोंडाळ आणि धीट म्हणून माहेरी प्रसिद्ध. पण खरं सांगते, त्या क्षणी मीही घाबरले.

आम्ही तेव्हा चाळीसगावला राहत होतो. घरात चार माणसं. अप्पा, सासूबाई, मी आणि आमचे हे, मुकुंद दुसाने, एसटीत ड्रायव्हर. मोबाइल यायचे होते अजून. तो दिवस महाशिवरात्रीचा, आणि घरात माझ्याशिवाय सगळ्यांना उपास. मला उपास झेपत नाही. पित्त खवळतं, डोकं फुटायला येतं. लग्न झाल्यावर पहिल्याच एकादशीला मी हे स्पष्ट सांगून टाकलं होतं आणि सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. प्रत्येक उपासाला मला ऐकवायच्या, "माझ्या मुकुंदाकडं बघ. दिवसभर स्टिअरिंग धरतो, पण एक उपास चुकवत नाही. डबा कसा चाटूनपुसून आणतो!" आणि हे महाशय खाली मान घालून हसायचे. मी ओट्याशी उभी राहून माझे पोहे खायची. त्या दिवशीही खाल्ले होते, कांदा घालून.

सासूबाईंनी भिंतीला टेकून डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते.

"कोपला," त्या म्हणाल्या. "महादेव कोपला. शिवरात्रीला घरात कांदा फोडलास ना तू."

"कोपला तर माझ्यावर कोपेल ना! तुमच्यावर कशाला? तुम्ही पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करून बेल वाहून आलात."

मी जोरात बोलले, पण मनात धाकधूक झालीच. कारण बघा ना, ज्यांनी सगळं नेमानं केलं ती दोन्ही माणसं आडवी, आणि जिनं काहीच पाळलं नाही ती मी धडधाकट उभी. असं कसं? भर दुपारी त्या घरात एकटी उभी असताना तो विचार अंगावर आला.

भिंतीपलीकडं शमीमभाभी राहायच्या. मी अंगणातूनच ओरडले. त्या पिठाच्या हातानं आल्या, आत डोकावल्या आणि तशाच परत फिरल्या. त्यांचा मोठा मुलगा रिक्षा चालवायचा, त्याला डॉक्टर अमृतकरांकडं पिटाळलं आणि स्वतः येऊन अप्पांची पाठ धरून बसल्या.

"पाणी थोडं थोडं पाजव," त्या म्हणाल्या. "मीठ-साखर घाल."

मी पेला सासूबाईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

"उपास आहे माझा. मीठ कसलं? सैंधव आहे का?"

"आई, तोंड उघडा. महादेवाला काय सांगायचं ते मी सांगते."

त्यांनी रागानं बघितलं, पण प्यायल्या. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं, इतके ओठ कापत होते.

अमृतकर डॉक्टर आले. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, दोघांना हात पुढं करायला लावले. चारही हात वाऱ्यावर धरल्यासारखे हलत होते. त्यांनी इंजेक्शनं भरता भरताच मला विचारलं, "काय खाल्लं सकाळपासून?"

"उपासाचं. रताळी, शेंगदाण्याची आमटी, भगरीच्या पिठाची भाकरी. ताक."

"तू काय खाल्लंस?"

"पोहे."

"यातलं काहीच नाही?"

"रताळं खाल्लं एक. आमटी चाखली. ताकही प्यायले."

डॉक्टर थांबले. "म्हणजे भाकरी तेवढी नाही खाल्लीस. पीठ बघू ते."

आता त्या पिठाची कथा सांगायला हवी. आमच्या घरात उपासाचा डबा म्हणून एक वेगळा डबा होता, पितळी कडीचा, सगळ्यात वरच्या फळीवर, फडक्यात बांधलेला. त्याला मी हात लावायचा नाही. कारण माझ्या हाताला सदा गव्हा-ज्वारीचं पीठ, ते लागलं की उपासाला चालणार नाही. गिरणीतही भगर दळायची नाही, तिथं ज्वारी मिसळते. म्हणून सासूबाई नवरात्राच्या आधी भगर स्वतः निवडायच्या, चांगली तीन पाण्यांनी धुवायच्या, घरातच सावलीत पसरायच्या, कारण अंगणात कोंबड्या-कावळ्यांचा विटाळ. मग घरच्या मिक्सरवर दळून डब्यात दाबून भरायच्या. नवरात्रात उरलेलं पीठ पुढच्या उपासांना. घरात त्या डब्याइतकं सोवळं देवघरसुद्धा नव्हतं.

मी स्टुलावर चढले आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो डबा खाली काढला. सासूबाई कण्हत होत्या, तरी म्हणाल्या, "हात धुतलेस का?"

झाकण उघडलं आणि मी तोंड मागं घेतलं. पावसाळ्यात भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात कुजावं तसा कुबट वास. वरचं पीठ दिसायला चांगलं होतं. डॉक्टरांनी चमच्यानं कडेचं उकरलं, तर खाली हिरवट-काळ्या गुठळ्या, एकमेकींना जाळ्यानं धरलेल्या.

"दिसल्या होत्या मला," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "चाळून घेतलं ना मी. गुठळ्या टाकल्या की सगळ्या."

"काकू, चाळल्यानं गुठळी जाते," डॉक्टर म्हणाले. "बुरशीचं विष पिठातच राहतं. तव्यावर भाजूनही जात नाही. भगर नीट वाळली नव्हती, ओलसर दळली आणि महिनोन्‌महिने दाबून ठेवली. दर उपासाला माझ्याकडं दोन-चार घरं येतात अशी." मग माझ्याकडं वळले. "घाबरू नकोस. सलाईन लावतो, रात्रीपर्यंत उतरेल. आणखी कुणी खाल्लं का हे?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई उठून बसायला धडपडल्या. कधी न बघितलेली भीती होती त्या चेहऱ्यावर.

"मुकुंदाचा डबा," त्या म्हणाल्या. "चार भाकरी दिल्या मी त्याला. चार!"

हे सकाळची औरंगाबाद घेऊन गेले होते. परतीला गाडी कन्नडच्या स्टँडवर थांबायची, तिथं डबा खायचा आणि मग कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, हा यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी तर वेरूळला घृष्णेश्वराची गर्दी. गाडीत पाय ठेवायला जागा नसणार. बायकापोरं, म्हातारी माणसं, आणि पुढं स्टिअरिंगवर हे. पोटात ती भाकरी, समोर घाटाची वळणं. सासूबाईंच्या बांगड्या चौकटीवर वाजत होत्या ते मला आठवलं.

"किती वेळात चढतं हे?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तासाभरात. कधी त्याच्याही आत."

शमीमभाभींनी मला दाराकडं ढकललं. "जा तू. मी आहे इथं. रिक्षा उभी आहे."

सासूबाईंनी माझा पदर धरला होता. त्यांची बोटं थरथरत होती आणि पदर सुटत नव्हता. "विजया, अडव गं त्याला. काहीही कर, अडव."

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत वाणी म्हणून कंट्रोलर होते, यांच्या चांगले ओळखीचे. मी धापा टाकत काय सांगितलं मला आठवत नाही. पण ते खुर्चीवरून उठले, मला आत घेतलं आणि फोन ओढला. कन्नड लागेना. नुसता घरघर आवाज. पुन्हा फिरवला, पुन्हा घरघर. शिवरात्रीच्या जादा गाड्यांसाठी सगळीकडून फोन चाललेले.

"वहिनी, बसा."

"नाही बसत. तुम्ही लावा."

खिडकीबाहेर माणसं ओरडत होती, पाटण्याची गाडी कधी, धुळ्याची कधी. मला चीड येत होती त्यांची. अरे, गप्प बसा ना! माझा माणूस घाटात आहे!

शेवटी लागला. वाणी मोठ्यानं बोलू लागले, "हॅलो, कन्नड? चाळीसगाव बोलतोय. आमची औरंगाबाद-चाळीसगाव लागली का? दुसाने ड्रायव्हर. त्याला थांबवा, गाडी सोडू नका... काय?" मग ते नुसतं ऐकत राहिले. चेहरा उतरत गेला. "कोण? नाव काय? हॅलो? हॅलो!"

फोन कट झाला.

"काय म्हणाले? सांगा ना!"

वाणी माझ्याकडं बघायचं टाळत होते. "त्या गाडीवरच्या आपल्या एका माणसाला चक्कर आली. उलट्या, हातपाय कापायला लागले. कन्नडच्या दवाखान्यात नेलंय. नाव विचारलं, तर फोन गेला."

एका परीनं सुटले असंही वाटलं, कारण निदान घाटाच्या आधीच झालं. दवाखान्यात आहेत, सलाईन लागेल, उतरेल. डॉक्टर म्हणाले होते ना, उतरेल. मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. एवढ्यात एक गाडी स्टँडात वळली. तिचा ड्रायव्हर नोंद करायला खिडकीशी आला. वाणींनी विचारलं, "कन्नडहून आलास? दुसान्याची गाडी बघितली का?"

"हो. माझ्या मागं होती की. घाटाच्या तोंडाशी गर्दीत मागं राहिली."

"चालू होती?"

"चालू होती म्हणजे? येतेय मागून."

म्हणजे गाडी घाटात होती. मग दवाखान्यात कोण? की जरा बरं वाटलं म्हणून हेच पुन्हा स्टिअरिंगवर बसले? बसतीलही! स्वभाव तसाच. ताप अंगात घेऊन ड्यूटी करणारा माणूस, लोक ताटकळतील म्हणून घोटभर पाणी पिऊन बसला असेल. दवाखान्यात असू देत म्हणून देवाचा धावा करायचा, की गाडीवर असू देत म्हणून, तेच मला कळेना. ज्याचा उपास मी कधी धरला नाही त्या महादेवाला मी त्या फलाटावर उभी राहून बोलले, "माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ. त्यांच्या हाताला धरून खाली आण."

मग वाट बघणं. त्याचं काय सांगू? प्रत्येक लाल गाडी तीच वाटायची. कुणीतरी चहा पुढं केला, तो तसाच हातात धरून उभी होते.

आणि ती आली. वळणावरून हळूच आत शिरली, टपावर सामान, दारात माणसं लोंबकळलेली. काचेवर ऊन पडलं होतं, आत कोण बसलंय दिसेना. गाडी फलाटाला सरळ लागली, जराही वाकडी नाही. दार उघडलं आणि हे खाली उतरले, खांद्यावर टॉवेल टाकलेला.

"विजू? तू इथं काय करतेस? आई-अप्पा बरे आहेत ना?"

"हात पुढं करा!"

"काय?"

"हात दाखवा म्हणते ना!" मी चार लोकांत ओरडले. त्यांनी गोंधळून दोन्ही हात पुढं केले. मी ते धरले, सोडले, पुन्हा धरले. ते हात ओट्यावरच्या पाट्यासारखे स्थिर होते. माझेच कापत होते.

"डबा? डबा खाल्ला का तुम्ही?"

ते चाचरले. इकडंतिकडं बघितलं. "अगं, ते... देवरेनं खाल्ला. आपला कंडक्टर. त्यालाच तर कन्नडला दवाखान्यात ठेवून आलो. सलाईन लावलंय, शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, धोका नाही. दुसरा कंडक्टर घेऊन आलो."

"आणि तुम्ही?"

मी इतक्या जवळ उभी होते की त्यांच्या तोंडाचा वास आला. कांदा. भरपूर कांदा.

"कन्नडच्या स्टँडवर भजी चांगली मिळतात," ते हळू आवाजात म्हणाले. "मला कुठं झेपतो उपास? पित्त होतं. आईला सांगायची हिंमत नाही. देवरे एकटा राहतो, सगळे उपास करतो, त्याला आईच्या हातची भाकरी आवडते. लग्नाच्या आधीपासून असंच चाललंय."

मी त्यांना त्याच टॉवेलानं फटका मारला. सगळ्या स्टँडसमोर. मग त्याच टॉवेलात तोंड खुपसून रडले. वाणींनी तेवढ्यात कन्नडला पुन्हा फोन फिरवला, भगरीच्या पिठाचं दवाखान्यात कळवायला.

घरी आलो तेव्हा दोघांनाही सलाईन लागलं होतं. अप्पा झोपले होते. सासूबाई दाराकडं टक लावून पडल्या होत्या. हे आत आले तशा त्यांच्या डोळ्यांतून नुसती धार लागली.

"मुकुंदा, खाल्लास का रे बाबा? चारही खाल्ल्यास?"

मी दारात उभी. आता हे काहीतरी थाप मारणार, अजून डबा उघडलाच नव्हता म्हणणार, असं मला वाटलं. थाप मारायला निघालेही होते. पण सासूबाईंनी मोकळ्या हातानं त्यांचं डोकं खाली ओढलं, गालावरून हात फिरवला आणि मध्येच थांबल्या. त्यांचं नाक हललं.

"कांदा?"

शमीमभाभी उठून मोरीकडं गेल्या.

"शिवरात्रीला कांदा खाल्लास मुकुंदा?"

"हो आई."

"दर वेळी?"

"दर वेळी."

सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. आजारपण विसरून उठून बसणार.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "बरं केलंस रे माझ्या बाळा." आणि त्यांचं तोंड हातात घट्ट धरून हमसून हमसून रडल्या.

देवरे दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्याच्या घरी आला. सासूबाई अजून भिंत धरूनच चालत होत्या, तरी त्याच्यासाठी तांदळाची पेज घेऊन स्वतः गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. परत आल्या, तो डबा रिकामा करायला लावला, राखेनं घासला, उकळत्या पाण्यानं धुतला आणि कोंबड्या-कावळे न बघता अंगणात कडक उन्हात पालथा घातला.

पुढच्या एकादशीला मी उठले तर स्वयंपाकघरात दोन डबे भरून ठेवलेले. एकात उपासाचं, देवरेसाठी. दुसऱ्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, कांदा घातलेली. कांदा त्यांनीच चिरला होता, आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर, ओट्यापासून लांब बसून. यांनी जाताना आईच्या पाया पडून डबा उचलला.

तेव्हापासून भगर आमच्याकडं उपासाच्या आदल्या दिवशी आणतात, तेवढ्यापुरतीच. सासूबाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण जोवर होत्या तोवर प्रत्येक उपासाच्या सकाळी त्या तो डबा दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं यायच्या. ज्या डब्याला मी हात लावलेला चालत नव्हता, त्याचं झाकण काढून माझ्या नाकाशी धरायच्या. मी पीठ चिमटीत घ्यायची, उजेडाकडं धरायची, वास घ्यायची. आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या असायच्या, चूल पेटवायच्या आधी.

"चालेल का गं?" विचारायच्या.

मी मान हलवली की मगच तवा ठेवायच्या.